देवावर भरवसा, आणि माणसे, पैसा, घरदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासात, उपवास-प्रार्थना संपल्यावर, इस्पितळात आजाऱ्याला भेटायला गेल्यावर हे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. विचारणारे बहुतेक जण विश्वासात मुरलेले असतात. देव आहे का, असे ते विचारत नाहीत. घरभाडे, आईचे आजारपण, भावाशी चाललेला वाद या सगळ्यात देवावर भाव ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांना हवे असते. वचनांचे संदर्भ जागोजागी दिले आहेत. ते बायबल उघडून स्वतः वाचावेत, मागचा-पुढचा अध्यायही वाचावा.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे माणसांवर विश्वास ठेवायचाच नाही का?

असे बायबल म्हणत नाही. हा प्रश्न साधारणपणे यिर्मया १७:५ वरून येतो. मनुष्यावर भिस्त ठेवणारा शापित, एवढेच वाक्य लोकांच्या लक्षात राहते. त्याच वचनात पुढे आहे की अशा माणसाचे हृदय परमेश्वरापासून फिरलेले असते. दोष त्या फिरण्याचा आहे. यिर्मया संदेष्टा हे बोलत होता तेव्हा बाबेलची (बॅबिलोनची) धास्ती होती आणि यरुशलेमेतल्या मोठ्या लोकांचे डोळे मिसरच्या (इजिप्तच्या) फौजेकडे लागले होते. पुढे ती फौज खरेच आली, बाबेलचा वेढा काही काळ उठलाही (यिर्मया ३७), आणि मग बाबेलवाले परत आले.

आता त्याच यिर्मयाचे काय झाले ते पाहा. अध्याय ३८ मध्ये सरदारांनी त्याला दोरांनी हौदात सोडले. हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि यिर्मया त्या चिखलात रुतला. त्याला वर काढले एका माणसाने: राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी सेवक. तो राजाकडे गेला, बोलला, तीस माणसे घेतली, आणि जाताना भांडारातून जुनी फाटकी वस्त्रे व चिंध्या बरोबर घेतल्या. त्या दोरीने खाली सोडून तो म्हणाला, या काखेत धर आणि मग दोर लाव. दोर काचू नये म्हणून. मरणाच्या दारातल्या संदेष्ट्याच्या काखेला दोर काचेल, हे ज्याच्या ध्यानात आले, त्या माणसाविषयी देव पुढच्याच अध्यायात सांगतो की त्याने माझ्यावर भाव ठेवला, म्हणून मी त्याला वाचवीन (३९:१८).

म्हणजे ‘माणसावर भिस्त ठेवू नका’ असे लिहिणारा संदेष्टा माणसाच्याच हातांनी वर आला. आणि ते हात पुढे झाले, कारण त्या माणसाची भिस्त राजावर नव्हती आणि सरदारांचे भय त्याला अडवू शकले नाही. या पानावरची बाकीची उत्तरे याच गोष्टीभोवती फिरतात. देव बहुतेक वेळा माणसांच्या आणि वस्तूंच्या द्वारेच पुरवतो. आपण पुरवणाऱ्याला विसरून त्या माणसाच्या किंवा पैशाच्या पाया पडायला लागतो, तिथे घसरण सुरू होते.

माझा भरवसा खरोखर कुठे आहे, हे कसे ओळखावे?

रविवारी आपण काय गातो त्यावरून नाही. कशाच्या नुसत्या विचाराने रात्रीची झोप उडते? वाईट बातमी आली की मन पहिल्यांदा कुणाकडे धावते? काय वाचवण्यासाठी आपण खोटे बोलायला तयार होतो? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत खरे असते. नोकरी टिकवण्यासाठी खोटी बिले पास करणारा माणूस प्रार्थना करत असेलही, पण त्याचा देव पगाराच्या दिवशी खात्यात जमा होतो.

आसा राजाची गोष्ट (२ इतिहास १४ ते १६) यासाठी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे, आणि आपल्या मंडळ्यांत तिच्यावर फार कमी बोलले जाते असे मला वाटते. तरुणपणी त्याच्यावर कूशी जेरह प्रचंड सैन्य घेऊन चालून आला. आसाने प्रार्थना केली: बलवानांपुढे दुर्बळाला साहाय्य करणारा तुझ्यावाचून कोणी नाही, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत. देवाने जय दिला. मग देशाला स्वस्थता मिळाली, वर्षे गेली. कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा याने रामा हे नगर बांधून रस्ता अडवायला सुरुवात केली. हे संकट पहिल्याहून कितीतरी लहान होते. पण आता आसाकडे पैसा होता. त्याने परमेश्वराच्या मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे काढले आणि अरामाचा राजा बेन-हदाद याला पाठवून मदत विकत घेतली.

आणि युक्ती फळाला आली! बेन-हदादने हल्ला केला, बाशा काम सोडून निघून गेला, आसाच्या लोकांनी रामाचे दगड आणि लाकडेसुद्धा उचलून आणली. तेव्हा हनानी द्रष्टा येऊन म्हणतो, तू मूर्खपणा केलास. आसा रागावला आणि त्याने द्रष्ट्याला बंदीत टाकले.

काम झाले म्हणजे देवाची संमती होती, असे आपण फार सहज धरून चालतो. आसाचे काम झालेच होते. संकटात नव्हे, स्वस्थतेच्या त्या लांब वर्षांत त्याचा भरवसा हलला, आणि हलला हे त्याला कळलेही नाही. ज्यांचे सध्या बरे चालले आहे त्यांनी ही गोष्ट आधी वाचावी.

बचत, विमा, एफडी हा अविश्वास आहे का?

नाही. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवला आणि त्यावर लोक जगले (उत्पत्ती ४१). तेही देवानेच सुचवले होते. रानात मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेले अन्न, मिळत होता तेव्हा मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्याला किडे पडले. आणि त्याच मान्नाचा शब्बाथासाठी (विसाव्याच्या दिवसासाठी) सहाव्या दिवशी ठेवलेला दुप्पट वाटा चांगला राहिला (निर्गम १६). ठेवणे तेच, एकदा आज्ञेविरुद्ध आणि एकदा आज्ञेप्रमाणे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौल विश्वास नाकारणारा म्हणतो (१ तीमथ्य ५:८). घरात लहान मुले आणि म्हातारे आईवडील असतील तर आरोग्य विमा काढा.

फक्त एफडीची पावती कपाटात ठेवावी, मनाच्या गाभाऱ्यात नाही. लूक १२ मधला धनवान कोठारे बांधतो म्हणून मूर्ख ठरत नाही. तो आपल्या जिवाशी बोलतो, माझे पीक, माझी कोठारे, माझा माल असे म्हणत राहतो, आणि त्या सगळ्या बोलण्यात ना देव येतो ना शेजारी.

जमिनीच्या वाटणीवरून भावकीत वाद आहे. देवावर सोडून द्यावे का?

त्या मूर्ख धनवानाची गोष्ट येशूने का सांगितली, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गर्दीतून एकजण म्हणाला होता, गुरुजी, माझ्या भावाला माझ्याबरोबर वतनाची वाटणी करायला सांगा. आपल्या गावात आजही चालणारे भांडण! येशूने वाटणी करायला नकार दिला आणि लोभापासून जपा असे सांगितले. हक्क मागणे पाप आहे, असे तो म्हणाला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वडील गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवायचे आणि ‘देवावर भरवसा ठेव, जमिनीत काय आहे’ असे म्हणून सही घ्यायची, हे अनेक ख्रिस्ती घरांतही घडते. हा भरवसा नव्हे, हा देवाच्या नावाने केलेला लोभ आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वतन मागतात, तेव्हा देव म्हणतो, त्यांचे म्हणणे रास्त आहे (गणना २७). भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणेही मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. स्वतःचा वाटा शांतीसाठी आपखुशीने सोडणे फार मोठी गोष्ट आहे. अब्राहामाने लोटाला आधी निवड करू दिली होती. पण सोडायचे ते स्वतःचे. दुसऱ्याला सोडायला लावण्याचा अधिकार कुणाला नाही.

आजारात फक्त प्रार्थना करावी की औषधही घ्यावे?

दोन्ही. हिज्कीया राजाच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची चांदकी लावायला सांगितली (२ राजे २०). पौलाच्या सोबत्यांत प्रिय वैद्य लूक होता. आसा म्हातारपणी पायांच्या रोगात परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला असे लिहिले आहे (२ इतिहास १६:१२). तिथे बोट ठेवले आहे ते त्याने देवाला विचारले नाही यावर. वैद्यांवर नव्हे.

मधुमेहाचे इन्सुलिन, क्षयरोगाच्या गोळ्या, फिटची किंवा मनाच्या आजाराची औषधे विश्वासाच्या नावाने बंद करू नका. कोणी व्यासपीठावरून तसे सांगत असेल तरी करू नका. बरे वाटले तर डॉक्टरांना दाखवा, तपासणी करा, आणि मग साक्ष द्या. देवाने बरे केले असेल तर ते तपासणीतही दिसेल.

दशांश दिला की देव दुप्पट देतो, असे सांगतात. खरे आहे का?

मलाखी ३:१० मध्ये आकाशाची दारे उघडण्याचे अभिवचन आहे, ते खरे आहे. त्याचे व्याजदर कोष्टक करणे खोटे आहे. मिळवण्यासाठी दिले की देव हे साधन होते आणि पैसा पुन्हा साध्य. म्हणजे ज्या भरवशातून बाहेर यायचे, त्याच भरवशात आपण प्रार्थना करत परत शिरतो.

विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर (लहानशा नाण्यांवर) दानाच्या वेळी संदेश होतात. मार्क १२ मध्ये त्याच्या लगेच आधी येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो, तेही त्या संदेशात वाचले जावे. कर्ज काढून, मुलांची फी थकवून दान देऊ नका. जे आहे त्यातून, मनाने ठरवून, आनंदाने द्या (२ करिंथ ९:७).

मंडळीतल्याच माणसाने फसवले. आता कुणावरच विश्वास बसत नाही.

ही जखम बाहेरच्याने दिलेल्या जखमेहून खोल असते. स्तोत्र ५५ मध्ये दावीद म्हणतो, वैऱ्याने निंदा केली असती तर मी सोसली असती, पण तो तू होतास, माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या मंदिरात जात असे. हे स्तोत्र मोठ्याने वाचा. असे रडणे देवाने स्वतःच्या पुस्तकात ठेवले आहे, ते अविश्वास म्हणून कुणी थांबवू नये.

मग २ तीमथ्य अध्याय ४ वाचा. पौल तुरुंगात आहे. देमास या सोबत्याने त्याला सोडले. पहिल्या जबाबाच्या वेळी त्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, पण प्रभू त्याच्याजवळ उभा राहिला. इतके लिहिणारा माणूस त्याच पत्रात तीमथ्याला सांगतो: त्रोवसात कार्पाजवळ माझा झगा राहिला आहे तो घेऊन ये, पुस्तके आण, विशेषेकरून चर्मपत्रे, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर. मार्कालाही घेऊन ये म्हणतो. हाच मार्क पूर्वी त्याला अर्ध्या वाटेवर सोडून गेला होता. प्रभू जवळ आहे म्हणून पौलाला थंडी वाजायची थांबली नाही आणि मित्रांची गरज संपली नाही. सगळ्यांनी सोडले तरी तो उभा होता, म्हणूनच पुन्हा माणसांना हाक मारायचे त्याला भय उरले नाही.

क्षमा करणे म्हणजे त्याच माणसाच्या हातात पुन्हा पैसे देणे नव्हे. पैशांची फसवणूक झाली असेल तर मंडळीच्या जबाबदार लोकांपुढे कागद ठेवा. मुलावर, मुलीवर किंवा स्त्रीवर अत्याचार झाला असेल तर आधी पोलिसांत जा. मंडळीचे नाव राखण्यासाठी गप्प बसणे हीही नावावर ठेवलेली भिस्तच आहे.

महाराष्ट्रात असा भरवसा कोणी जगून दाखवला आहे का?

पंडिता रमाबाईंचे आयुष्य (१८५८ ते १९२२) या विषयावरचे सर्वांत मोठे धडे देते. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या पायी देशभर हिंडल्या. १८८० मध्ये तोही गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी वारले आणि पदरी तान्ही मनोरमा राहिली. ज्यांच्यावर माणूस टेकतो ती सगळी नाती अशी एकेक करून गेली, तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या.

पुढे अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षे मदतीचे वचन दिले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, नंतर ते पुण्याला गेले. पुण्यामुंबईची नामांकित मंडळी सल्लागार होती. काही मुली ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या तेव्हा १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. लोकमान्यता, जी त्यांच्याकडे अलोट होती, एका वर्षात ओसरली.

याच काळात रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले. म्युलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली आणि माणसांपुढे पैशासाठी हात न पसरता देवाजवळच मागण्याचा नेम ठेवला. रमाबाईंनी ते मनावर घेतले. पण त्याच वेळी, अमेरिकेच्या मदतीची मुदत संपणार हे ओळखून, त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. प्रार्थनाही केली आणि झाडेही लावली. झाडे फळायच्या आधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि उत्पन्नासाठी घेतलेल्या त्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. पुढे तिथे विणकाम, शेती, छापखाना चालला. शेकडो जणींनी काम शिकून तिथे भाकरी खाल्ली.

नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांची तळमळ मोठी होती. तरी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दिसते की टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घर चालवण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. आज कोणी ‘विश्वासाने’ नोकरी सोडायला निघाला तर मी त्याला आधी विचारीन, घरी बायकोशी बोललात का? आणि ती काय म्हणाली?

नवऱ्यावर, बायकोवर, मुलांवर फार जीव आहे. ही मूर्तिपूजा होते का?

जीव लावल्याने नाही. यशया २२ मध्ये खुंटीचे चित्र आहे. पक्क्या जागी ठोकलेली खुंटी, आणि तिच्यावर सगळ्या घराण्याने पेल्यांपासून सुरयांपर्यंत सारे काही टांगले. शेवटी ती खुंटी निखळते आणि भार कोसळतो. मुलाच्या दहावीच्या गुणांवर आईबापांचा मान, म्हातारपण आणि जगण्याचा अर्थ टांगला की मूल असेच वाकते. देवाचा भार देवावर टाकला की मुलाला मूल म्हणून वाढता येते.

मनापासून प्रार्थना केली, तरी काहीच झाले नाही. माझा विश्वास कमी पडला का?

प्रेषित १२ उघडा. एकच हेरोद, एकच मंडळी. याकोब तलवारीने मारला गेला आणि पेत्र तुरुंगातून सुटला. याकोबासाठी कमी विश्वास होता, असे तिथे लिहिलेले नाही. उलट पेत्र दारात येऊन उभा राहिला तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांचाच त्यावर विश्वास बसेना. दानीएल ३ मधले तिघे म्हणतात, देव आम्हाला सोडवण्यास समर्थ आहे, आणि न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. त्या ‘तरी’ पर्यंत पोचायला आयुष्य लागते.

रमाबाईंची मनोरमा, मुक्तीचे काम जिच्या हाती जायचे होते ती, १९२१ मध्ये आईच्या आधी वारली. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? त्या मराठी बायबलच्या भाषांतराचे काम पुढे करत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये प्रभूकडे गेल्या.

ज्याच्या घरी नुकते माणूस गेले आहे त्याला ‘विश्वास कमी पडला’ असे कधीही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, जेवणाचा डबा न्या.

हे शिकायला सुरुवात कुठून करावी?

लहान गोष्टींतून. काही अडले की फोन हातात घेण्याआधी दोन मिनिटे प्रार्थना करा, आणि मग फोन जरूर करा. नहेम्याच्या लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही ठेवला (नहेम्या ४:९). कुणालाही न सांगता काहीतरी द्या, पावती न घेता. आठवड्यातला एक दिवस कमाईचा विचार बाजूला ठेवा. दुकानदाराला हे फार जड जाते, आणि त्यातच त्याची शिकवण आहे. घरखर्चाच्या वहीत शेवटी दोन पाने राखून ठेवा आणि त्यात मागितलेले व मिळालेले तारखेसकट लिहा, न मिळालेलेही लिहा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ म्हणताना ‘आज’ या शब्दावर थांबा.

आणि गरज असेल तेव्हा मदत मागा. ‘मी फक्त देवापुढे हात पसरतो’ असे म्हणणाऱ्या कित्येकांना खरे तर शेजाऱ्यापुढे लहान व्हायचे नसते.

कर्ज फार झाले आहे. भरवसा ठेवून थांबू का?

थांबू नका. २ राजे ४ मध्ये सावकार विधवेची दोन मुले गुलाम करायला आला होता. अलीशा संदेष्टा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? थोडे तेल आहे. तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावतो, पुष्कळ आण म्हणतो. तेल देवाने वाढवले. भांडी शेजाऱ्यांची होती, ओतणारे हात तिचे आणि मुलांचे होते. मग सांगतो, तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुले गुजराण करा.

म्हणून आधी सगळे कर्ज एका कागदावर लिहा, घरच्यांना दाखवा, लपवलेले हप्तेही सांगा. बँकेत जाऊन हप्ते कमी करून घेता येतात का ते विचारा. मोबाइल अ‍ॅपवरून नवे कर्ज काढून जुने फेडू नका. मंडळीत हिशेब समजणारे आणि तोंड बंद ठेवणारे एखादे वडीलधारे माणूस असेल तर त्याला बरोबर घ्या, आणि तो कागद पुढे ठेवून दोघे मिळून प्रार्थना करा.